तीन मिलीचं सूत

माणूस भला होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला मोकळेपणानं बोलता येईल. भला होता आणि डोक्याला ताप होता. मारुंजीवरून नेऱ्याकडे जाताना रस्त्यालगत त्यांची निळ्या पत्र्याची शेड होती, तिथं मी अडीच वर्षं नोकरी केली. काम म्हटलं तर सोपं. गिऱ्हाईक चित्र पाठवणार, मी ते कॉम्प्युटरवर नीट रेघारेघांचं करून मशिनला कळेल अशी फाइल काढून देणार, आणि राऊटर मशिन ते प्लायच्या शीटमधून कापून देणार. बाकी सगळीकडे हे काम अर्ध्या तासात होतं. आमच्याकडे अर्धा दिवस जायचा, कारण फाइल आणि मशिन यांच्यामध्ये आप्पा उभे असायचे.

आप्पा सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचे. साठीच्या पुढचे, काटक, कानावर कायम पेन्सिल. ती पेन्सिल ते आंघोळीला जाताना तरी काढत असतील का, अशी मला शंका होती. घरची शेती, त्यातली बरीच सोसायट्यांखाली गेली. उरलेल्या जागेवर थोरल्या मुलानं चार मजले चढवले आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या. एवढं असताना माणसानं खुशाल पारावर बसून गप्पा माराव्यात की नाही? पण ह्यांना हौस सुतारकामाची. तरुणपणी गावातल्या सुताराकडे चोरून जाऊन शिकले होते. शेतकऱ्याच्या घरात रंधा आणला म्हणून वडिलांनी दोन दिवस जेवायला दिलं नव्हतं, हे ते फार अभिमानानं सांगायचे. मशिन घेतलं तेव्हा मुलांनीही असंच डोक्याला हात लावला म्हणतात. मुलं बिचारी बरोबर होती.

मोजायचं वेड तर असं की खोली बघायला आलेल्या भाडेकरूला ते आधी फ्रिजचं माप विचारायचे. पोरगं म्हणायचं, काका, डिपॉझिट किती? आप्पा म्हणायचे, "त्ये ऱ्हाऊ दे, फ्रीज किती रुंद हाय? दार अडतीस इंचाचं हाय, पर वळनावर जिना मारतोय." माप आणल्याशिवाय किल्ली नाही. शेजारच्या जांबे गावात दुसऱ्या खोल्या मिळत असताना कोण थांबणार? तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यापायी दोन महिने रिकामी राहिली. थोरली सून मला एकदा म्हणाली, "तुम्ही तरी संध्याकाळी घरी जाता."

आता चौकोनाचं सांगते. शंभर मिली, म्हणजे मिलिमीटर, बाय शंभर मिलीचा चौकोन. प्रत्येक फाइलच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तो काढायचाच, असा दंडक. त्यात तसं चूक काही नाही, भल्याभल्या ठिकाणी काढतात. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना माप कमीजास्त झालं, तर तो चौकोन चुगली करतो. पण इतर लोक तो पडद्यावर बघतात, आकडा शंभर दिसला की पुढं जातात. आप्पा तो कापायला लावायचे. दरवेळी. प्रत्येक कामाआधी मशिननं एका तुकड्यावर शंभरचा चौकोन कापायचा, आप्पा तो उन्हात नेणार, चारी बाजू मोजणार, कर्ण मोजणार, कडेवरून अंगठा फिरवणार आणि मग म्हणणार, "हां. आता बोल." शेडच्या मागं त्या चौकोनांचा एवढा ढीग झाला होता की शेजारच्या चहावाल्यानं ते बशीखाली ठेवायला नेले. तरी संपेनात.

पडद्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत मी कपाटाचं दार काढत होते, तर मागून आले आणि स्टीलची फूटपट्टी सरळ माझ्या मॉनिटरला लावली.

"ह्ये तर साडेचारच इंच हाय."

"आप्पा, ते पडद्यावर लहान दिसतंय. आत माप बरोबर आहे."

"आत कुटं?"

मी माऊसचं चाक फिरवून दार मोठं करून दाखवलं, लहान करून दाखवलं. वाटलं, आता कळेल. त्यांनी फूटपट्टी खिशात घातली आणि म्हणाले, "जे चाकावर मोठं-बारकं हुतंय त्याला माप न्हाई म्हनत, बाई. त्याला फुगा म्हनत्यात." आणि गेले. पाच वर्षं ह्या कामात घालवलेल्या माणसाला कुणीतरी फुगेवाला म्हणावं, यासारखा संताप नाही.

पण त्यांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर नसायचं, आणि खरा वैताग तोच होता. फाइलीत नुसते आकडे असतात. ते इंच आहेत का मिली, हे पुष्कळदा फाइल सांगतच नाही. पाठवणाऱ्यानं इंचात काढलेलं असतं, आमच्याकडे ते मिलीत उघडतं, आणि वस्तू पंचवीस पट बारकी होऊन बसते. आप्पा म्हणायचे, "नुसता आकडा म्हंजी नुसतं आडनाव. आमच्या गावात ये आन् नुसतं आडनाव घिऊन घर विचार. अर्धं गाव बाहीर यील."

एका सोसायटीतल्या साहेबांनी देवघराची फाइल पाठवली. दोन फूट उंच, जाळीची दारं, वर कळस. पाठवली इंचात, त्यामुळं आमच्याकडे उघडली ती चोवीस मिलीची. मी म्हटलं, आप्पा, मी पंचवीस पॉइंट चारनं गुणते, पाच सेकंदांचं काम आहे. तर नाही. आप्पांनी मशिनवरच्या ऑपरेटरला सांगितलं, आलीय तशी काप. तीन मिलीच्या प्लायमधून ते देवघर कापलं. जाळी कसली, एक भोक पडलं होतं. फेव्हिकॉलनं जोडून, वर्तमानपत्रात बांधून साहेबांच्या हातात दिलं. ते बिचारे मोठी गाडी घेऊन, मागची सीट पाडून आले होते.

"हे काय आहे?"

"तुमचं देवघर. फाइलीत लिवलंय त्ये मी कापतो, सायेब. मनातलं न्हाई कापत."

साहेब इंग्रजीत बोलायला लागले म्हणजे चिडले हे मला कळलं, आप्पांनाही कळलं. पण त्यांनी चहा मागवला, ढिगातला एक चौकोन बशीखाली सरकवला आणि त्या माणसाला अर्धा तास इंच आणि मिली समजावून सांगितलं. गंमत म्हणजे साहेब पुढच्या आठवड्यात परत आले. फाइल नीट करून, कोपऱ्यात चौकोन काढून. मला मात्र त्या सगळ्या प्रकारात कुणी गुणाकाराचं श्रेय दिलं नाही.

आणि जमीन. चौकोन परवडला, पण ती जमीन नको. मोठं काम असलं की ते कापायच्या आधी शेडच्या कोब्यावर खडूनं पूर्ण मापात काढायचं. पलंग असेल तर पलंगाएवढा, दार असेल तर दाराएवढं. मी म्हणायचे, आप्पा, मग मशिन कशाला घेतलंत? ते म्हणायचे, "मशिन कापाया हाय. बघाया न्हाई." आणि गुडघे टेकून मी रेघा मारायच्या. टेप धरून, ओणवी होऊन, ओढणी कंबरेला बांधून. डिप्लोमा केला तेव्हा आईनं पेढे वाटले होते, ते कशासाठी असं मनात यायचं. आप्पा दोरीचं एक टोक मला धरायला लावणार, कर्ण ताणणार, दुसरा कर्ण ताणणार, "गुण्यात हाय" म्हणणार. गुण्यात म्हणजे काटकोनात. मग गिऱ्हाइकाला त्या खडूच्या पलंगात झोपायला लावणार. खरंच झोपायला लावायचे. एक नवराबायको आले होते, दोघांनाही निजवलं. नवरा लॅपटॉपची बॅग पोटावर घेऊन छताकडे बघत पडला, आणि बायको म्हणाली, "मधे जरा जागा जास्त हवी." झालं. माझी दोन दिवसांची फाइल गेली पाण्यात.

आता त्या सुताकडे येते.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सगळे जुने सुतार जाडी सुतात बोलतात, फट सुतात बोलतात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी आप्पांनी मला सांगितलं, "एक सूत म्हंजी तीन मिली. ध्यानात ठेव." मी म्हटलं, तीन नाही, तीन पॉइंट एक सात पाच. ते हसले. ऑपरेटरही हसला, त्याला मराठी येत नव्हतं तरी.

"पॉइंटाच्या फुडचं कुनी बघितलंय? त्यो भुसा हाय. मशिन खातंय."

मी समजावून सांगितलं, की एकदोन सुतात काही कळत नाही, पण जास्त झाली की फरक वाढत जातो. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे मी बोलत होते तेवढा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "चाळीस वर्सं तीन मिलीनं काम करतुया. एक दार अडलं न्हाई." तेही खरंच होतं, कारण लांबीरुंदी ते फूट-इंचातच बोलायचे, सूत फक्त जाडीला आणि फटीला. तेवढ्यात कुठलं दार अडणार? मी सोडून दिलं. भिंतीवर एक तक्ता चिकटवला, एक सूत तीन मिली, दोन सूत सहा, आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही. रोज कोण डोकं फोडून घेणार.

चांगुणाबाई आल्या तेव्हा पावसाळा अर्ध्यावर आला होता. पौडच्या पुढच्या धरणापलीकडं डोंगरात त्यांची वाडी. आठवड्यातून एकदा त्या मधाच्या बाटल्या घेऊन रस्त्याला बसायच्या, आप्पा नेहमीचं गिऱ्हाईक. बाई एकटी, नवरा गेलेला. चार मधपेट्या होत्या, त्यात सातेरी जातीच्या माश्या. पेट्यांना वाळवी लागली होती. एकीचा तळ हातात येत होता. आणि त्या वर्षी त्यांच्या डोंगरावर कारवी फुलणार होती. कारवी सातआठ वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलते तेव्हा सगळा डोंगर एकदम. त्या वर्षीचा मध म्हणजे इतर वर्षांचं सगळं उट्टं. चांगुणाबाई म्हणाल्या, "मागल्या येळी धाकटीच्या लग्नाचं त्यातच झालं. आता पेट्याच राहिल्या न्हाईत तर माश्या ठेवू कुठं?"

आप्पा लगेच म्हणाले, मी करून देतो. कुणी विचारलं नव्हतं. हिंजवडीच्या एका ऑफिसचं तीस टेबलांचं काम अंगावर होतं आणि हे म्हणतात, मशिन थांबवा, माश्यांचं आधी.

बाईंनी सोबत एक रिकामी चौकट आणली होती. पेटीत अशा चौकटी उभ्या टांगलेल्या असतात, त्यांच्यावर माश्या पोळं बांधतात. पेटी नवी झाली तरी चौकटी जुन्याच राहणार, पोळ्यासकट उचलून आत सोडायच्या. म्हणून चौकट बसली पाहिजे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना माशीला फिरायला वाट राहिली पाहिजे. वाट कमी ठेवली तर माश्या कोंडतात, जास्त ठेवली तर तिथं भलतंच पोळं बांधतात. हे सगळं चांगुणाबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं आणि आप्पा एकदम खूश झाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याहून काटेकोर कुणीतरी भेटलं होतं, त्या माश्या.

"ह्ये काम बारीक हाय," ते मला म्हणाले. "ह्ये इंचात न्हाई बोलायचं. सगळं सुतात बोलायचं. लिव."

त्यांनी चौकट फूटपट्टीवर धरून एकेक रेघ मोजली. अडुसष्ट सूत. दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत वाट. म्हणजे पेटी आतून बाहात्तर सूत. उंचीही सुतात, रुंदीही सुतात. चांगुणाबाई म्हणाल्या, "चौकट ठेवून घ्या हितंच, बसवून बघायला." आप्पांना तो अपमान वाटला. "कशाला? माप घेतलंय मी," म्हणाले, आणि चौकट बाईंच्या पिशवीत परत घातली.

मी कागदाकडे बघत होते. बाहात्तर गुणिले तीन, दोनशे सोळा मिली. खरं माप दोनशे अठ्ठावीसच्या वर. बारा मिलीचा फरक.

मला तो दिसला. लिहितानाच दिसला. ह्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

पण त्या सकाळीच त्यांनी टेबलांची फाइल मला तिसऱ्यांदा करायला लावली होती, कारण खडूची एक रेघ त्यांना जाड वाटली होती. माझे गुडघे दुखत होते, डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, होऊ दे. भुसा आहे ना तो? होऊ दे भुसा. कापून हातात येईल तेव्हा कळेल, आणि तेव्हा मी तो तक्ता दाखवीन. मी दोनशे सोळा टाकलं.

फाइल इतकी सुंदर निघाली की काय सांगू. एकास एक. कोपऱ्यात चौकोन. मशिननं चौकोन कापला, आप्पांनी उन्हात नेऊन मोजला, शंभर म्हणजे शंभर. कोब्यावर पेटी खडूनं काढली, मी माझ्या टेपच्या मिलीच्या बाजूनं, दोनशे सोळाच. आप्पांनी दोरी ताणली, "गुण्यात हाय." मी वाट बघत होते, आता मोजतील, आता मोजतील. मोजलं नाही. ते ऑपरेटरला हिंदीतून राणीमाशीबद्दल सांगण्यात गुंग होते. पाट्या, म्हणजे बाजूच्या फळ्या, कापल्या, जोडल्या, चार पेट्या तयार झाल्या. दिसायला देखण्या. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. मग म्हटलं, सकाळी टेम्पोत चढवताना सांगते. टेम्पोत आप्पा पेट्यांना धक्का लागू नये म्हणून मागं त्यांच्याजवळ बसले, मी पुढं ड्रायव्हरजवळ. पौड गेलं, धरण दिसायला लागलं, आणि मी मनाशी म्हणत होते की चौकट थोडी घासेल, पण जाईल. मापाचंच काम करणारी मी, आणि 'थोडी घासेल' म्हणत होते.

वाडीवर धुकं होतं. चांगुणाबाईंनी गोवरीचा धूर केला, तळ सुटत आलेली पेटी पहिली घेतली. झाकण काढलं, जुनी बाजू उचकटली तशी तिचे तुकडेच झाले. मग त्यांनी उघड्या हातांनी पहिली चौकट उचलली. दोन्ही अंगांनी माश्यांनी भरलेली. नव्या पेटीत सोडली. अर्धी गेली आणि बसली घट्ट.

अडुसष्ट सुताची चौकट आणि अडुसष्टच सुताची पेटी. माशीला फिरायला ठेवलेली वाट होती ना, दोन-दोन सूत, तेवढीच नेमकी गेली होती. कडेला ज्या माश्या होत्या त्या चौकट आणि पाटी यांच्यामध्ये चिरडल्या. तो आवाज फार बारीक असतो. आप्पांनी वरून दाबायला हात घातला, तर चांगुणाबाई म्हणाल्या, "दाबू नका. मरत्यात."

त्यांनी चौकट हलकेच वर ओढून काढली. माश्या खवळल्या होत्या. आप्पांच्या मानेला, हाताला डसत होत्या आणि ते फूटपट्टी घेऊन पेटीत वाकले होते.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "बाहात्तर पायजे. अडुसष्ट कशी?"

मी म्हटलं, "एक सूत तीन मिली. तुम्हीच सांगितलं होतं."

हे वाक्य बोलायची मी दोन वर्षं वाट बघितली होती. बोलले तेव्हा तोंड कडू झालं. त्या मोडक्या पेटीचे तुकडे दोरीनं आवळून, वर पोतं टाकून, चौकटी परत त्यातच ठेवल्या. चांगुणाबाई मेलेल्या माश्या नव्या पेटीतून बोटानं गोळा करत राहिल्या.

परत येताना आप्पा पुढं माझ्याशेजारी बसले. मान सुजली होती. पिरंगुट आल्यावर त्यांनी विचारलं.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापासनं?"

"लिहितानाच."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. गुडघे, टेबलं, भुसा, तक्ता. होऊ दे म्हटलं, तेही सांगितलं. आणि म्हटलं, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तुम्हाला, तुम्ही हसलात.

"सांगितलंस," ते म्हणाले. "एकदा. मी ऐकत न्हाई हे तुला ठावं हाय, तर धा येळा सांगायचं." मग म्हणाले, "मला सांगू नगं, माझं मरू दे. त्या बाईला तरी सांगायचं."

अशा माणसाकडे नोकरी केल्यावर निदान चूक तरी त्याची निघावी, एवढीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी टेबलं थांबवून पेट्या नव्यानं कापल्या. दोनशे अठ्ठावीस पॉइंट सहा. आप्पांनी पॉइंट सहाचा आकडा स्वतः खडूनं कोब्यावर लिहिला. तिसऱ्या दिवशी वाडीवर गेलो तर पोत्याखालची पेटी रिकामी. आदल्या दुपारी माश्या उठून गेल्या होत्या. पोळं तिथंच, थोडा मध तिथंच, वर चारदोन माश्या नुसत्या फिरत होत्या. चांगुणाबाईंना ते कदाचित अपेक्षितच होतं. उरलेल्या तीन पेट्यांच्या चौकटी नव्या पेट्यांत सोडल्या, एकेक अशी उतरली की आप्पांनी श्वास सोडला. पण चारातली एक गेली ती गेली. कारवी महिन्यावर आली होती, तेवढ्यात माश्यांची नवी वसाहत कुठून आणणार?

काम संपल्यावर आप्पा हात धुऊन बाईंपुढं उभे राहिले. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. निघायलाच हवं होतं. मी खरंच तयारी केली होती. मान खाली घालून उभी होते.

"बाई, चूक माझी," आप्पा म्हणाले. "ह्या पोरीनं मला सांगितलं व्हतं माप चुकतंय म्हनून. मी ऐकलं न्हाई."

मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ज्या माणसानं चौकोन शंभर भरल्याशिवाय कुणाला चहा घेऊ दिला नाही, अर्ध्या सुतासाठी मला कोब्यावर रांगायला लावलं, तो माणूस हे असं बोलून मोकळा झाला. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, सांगितलंच होतं मी. दोन वर्षांपूर्वी, एकदा, पेट्यांचा विषयही नसताना. खरं होतं, पण मापात नव्हतं. आणि मी तिथल्या तिथं तोंड उघडून ते दुरुस्त करायचं, एवढंच माझं काम होतं. आयुष्यात दुसरं कुठलं काम शिकले होते मी?

त्या माणसाचा मला आजही राग येतो तो त्या चौकोनांचा नाही, जमिनीचा नाही, फुगा म्हणाले त्याचाही नाही. मला वाचवा असं मी म्हटलं नव्हतं. विचारायचं तरी.

चांगुणाबाई माझ्याजवळ आल्या. रिकाम्या पेटीतलं पोळं त्यांनी कापून घेतलं होतं, त्याचा एक तुकडा पळसाच्या पानावर ठेवून माझ्यापुढं धरला. "तू तरी सांगितलंस, बाई," त्या म्हणाल्या. "खा. ह्या पेटीतला आता एवढाच."

आप्पा टेम्पोत जाऊन बसले होते. मी पान हातात घेतलं आणि खाल्लं.